येळवशीचे पुस्तक, बाळाची बोली

मार्गशीर्ष अमावस्येला औसा तालुक्यातली गावे ओस पडतात आणि शिवारे माणसांनी भरतात. वेळ अमावस्या, म्हणजेच इकडची येळवस. कडब्याची कोप, तिच्यात मांडलेले पांडव, आंबिलाचे मडके, भज्जी, बाजरीचे उंडे. दोन वर्षांच्या मुलाला एकाच दिवशी इतके नवे काही क्वचितच दिसते. पण ते रडू लागले की अनेकदा त्याच्या हातात मोबाइल दिला जातो. मूल गप्प होते आणि बोलण्याची संधी निसटते.

दोन वर्षांपर्यंतच्या मुलांना मोबाइल-टीव्ही दाखवू नये आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मग मुलाला रमवायचे कशात? चित्रांच्या पुस्तकात, आणि तेही मोठ्यांच्या मांडीवर बसून.

बाजारात झडप उघडायची, बटण दाबायची, उभी चित्रे असलेली पुस्तके मिळतात. मुलांना ती आवडतातही. मात्र अमेरिकेतल्या संशोधकांनी 2010 मध्ये अशी पुस्तके साध्या पुस्तकांशी ताडून पाहिली, तेव्हा साध्या चित्रांच्या पुस्तकातून लहान मुले नवी माहिती अधिक चांगली शिकत असल्याचे दिसले. झडप ओढण्यातच लक्ष गुंतले की चित्रातली वस्तू मागे पडते.

खरी करामत असते ती विचारण्यात. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये 21 ते 35 महिन्यांच्या मुलांच्या पालकांना चित्रे दाखवताना प्रश्न विचारायला, मुलाचे उत्तर वाढवून सांगायला आणि शाबासकी द्यायला शिकवले. एका महिन्यातच ही मुले, नेहमीच्या पद्धतीने पुस्तक ऐकणाऱ्या मुलांपेक्षा, बोलण्याच्या चाचण्यांत पुढे गेली. अभ्यास छोटा होता, पण ही पद्धत पुढे अनेक देशांत वापरली गेली.

म्हणूनच येळवशीचे पुस्तक घरीही करता येते. जाड पुठ्ठ्याची सहा पाने, कोपरे गोल कापलेले, दोऱ्याने शिवलेले. प्रत्येक पानावर एकच मोठे चित्र किंवा त्या दिवशी काढलेला फोटो: कोप, बैल, मडके, ज्वारीचे कणीस, आजी. झडप हवीच असेल तर एकच, कोपीच्या दाराची.

आजीने विचारावे, "ह्ये काय हाय?" मग मनातल्या मनात पाचपर्यंत मोजत थांबावे. मूल "बैल" म्हणाले, तर "हो, पांढरा बैल. बैल काय खातोय?" असे पुढे न्यावे. उत्तर चुकले तरी रागावू नये. बरोबर शब्द सहज बोलून दाखवावा. आजीला वाचता येत नसले तरी काही अडत नाही, कारण पुस्तकात अक्षरेच नाहीत. आणि बोली घरचीच असावी.

काळजी मात्र घ्यावी. पानांवर बटणे, मणी किंवा धान्याचे दाणे चिकटवू नयेत. ते नाकात किंवा श्वासनलिकेत अडकू शकतात. स्टेपलरच्या पिना टाळाव्यात. आवाज करणाऱ्या विकतच्या पुस्तकात बटणासारखा चपटा सेल असतो. त्याचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे ना, हे पाहावे. असा सेल गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे.

दोन वर्षे पूर्ण झाली तरी मूल "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडत नसेल, किंवा हाक मारल्यावर वळून पाहत नसेल, तर "बोलेल हळूहळू" म्हणून थांबू नये. आधी कानाची तपासणी करावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीसाठी येते. तिथे हे आवर्जून सांगावे.

सण एका दिवसाचा. पुठ्ठ्याची ही सहा पाने मात्र पुढच्या येळवशीपर्यंत रोज दहा मिनिटे उघडता येतील.