'इमोबिलाइझ' आणि 'जेरबंद' : एक अर्थविचार

परभाषेतील क्रियापदास प्रतिशब्द योजताना क्रियेचे केवळ फल पाहून भागत नाही. ती क्रिया कशावर, कोणत्या साधनाने व किती काळ घडते, हेही पाहावे लागते. इंग्रजीतील 'इमोबिलाइझ' हे क्रियापद ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव ह्या तालुक्यांत बिबट्यांच्या निमित्ताने ह्या क्रियेचा उल्लेख वारंवार होतो. तेथील मराठी व्यवहारात तिच्यासाठी 'बेशुद्ध करणे' किंवा 'जेरबंद करणे' हे प्रयोग येतात. तथापि ह्या तिन्हींचे अर्थक्षेत्र एक नाही.

'इमोबिलाइझ'चे मूळ 'हलणे, हलविणे' ह्या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. शल्यवैद्य मोडलेले हाड प्लास्टरने 'इमोबिलाइझ' करतो. पशुवैद्य वन्य प्राण्यास औषधाने करतो. दोन्ही ठिकाणी चलनशक्तीच काही काळ काढून घेतली जाते. हाड सांधल्यावर प्लास्टर निघते, औषधाचा अंमल ओसरल्यावर प्राणी उठतो. म्हणजे ह्या क्रियापदात काळाची मर्यादा गृहीत असते. जागेची मर्यादा त्यात नाही. ती 'कन्फाइन' म्हणजे कोंडणे ह्या निराळ्या क्रियापदात आहे.

'जेरबंद'ची घडण अगदी वेगळी. फार्सीत 'झेर' म्हणजे खाली व 'बंद' म्हणजे बांधणारा पट्टा. घोड्याने मान उसळू नये म्हणून लगामापासून पुढच्या पायांमधून तंगापर्यंत नेलेला पट्टा तो जेरबंद. हा पट्टा घातलेला घोडा थांबत नाही. तो धावतो, परंतु स्वाराच्या कह्यात राहून धावतो. पुढे 'कह्यात आणणे' हा अर्थ प्रधान होऊन 'पकडून कोंडणे' येथवर शब्दाचा प्रवास झाला. 'पायबंद' हाही तबेल्यातूनच आलेला शब्द; आज तो बहुतांशी लाक्षणिक अर्थानेच उरला आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात हा भेद स्पष्ट होतो. उसाच्या फडालगत लावलेल्या पिंजऱ्यात भक्ष्याच्या ओढीने शिरलेला बिबट्या 'जेरबंद' होतो, 'इमोबिलाइझ' होत नाही. पिंजऱ्यात तो येरझाऱ्या घालतच असतो. उलट, औषधाची सुई लागलेला बिबट्या काही मिनिटांनी निश्चल होतो, पण तोवर तो मोकळाच असतो. विहिरीत पडलेल्या बिबट्यास औषध दिल्यास तो बुडण्याचा धोका असतो. म्हणून तेथे पिंजरा किंवा बाज खाली सोडण्याचा मार्ग पत्करला जातो.

'बेशुद्ध' हा शब्दही काटेकोर नव्हे. केटामिन व झायलाझिन ह्या औषधांच्या अमलाखाली प्राण्याचे डोळे उघडे राहू शकतात. डोळे झाकण्याची व आवाज टाळण्याची दक्षता त्यासाठीच घेतात. सुई लागताच 'बेशुद्ध झाला' किंवा 'जेरबंद झाला' अशी आरोळी उठली, तर जमाव पुढे सरकतो. येथे शब्दाची चूक जिवावर बेतू शकते.

दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. 'जेरबंद' ह्या शब्दात प्रकरण मिटल्याची सूचना असते. वस्तुतः पकडलेल्या बिबट्याचे पुढे काय झाले, हा प्रश्न उरतोच. जुन्नर वनविभागासंबंधी विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, १९९३ ते २००१ ह्या काळात माणसांवरील हल्ल्यांचे प्रमाण वर्षाला सरासरी ४ होते. बिबटे पकडून अन्यत्र सोडण्याचा उपक्रम मोठ्या प्रमाणावर सुरू झाल्यावर ते १७ झाले. बातमीतील क्रियापद पूर्ण झाले होते; घटना पूर्ण झाली नव्हती.

ह्यावरून प्रतिशब्दांची विभागणी अशी करणे युक्त ठरेल : हाडासाठी 'अचल करणे', औषधाने चलनशक्ती हरविलेल्या प्राण्यासाठी 'निश्चल करणे', केवळ सुस्तीसाठी 'गुंगी आणणे', आणि पिंजऱ्याचे दार पडल्यानंतरच 'जेरबंद'. ह्यांतील एकही शब्द नवा घडवावा लागत नाही. मराठीजवळ शब्दांची उणीव नाही. त्यांच्यातील सीमा पाळण्याची सवय मात्र हवी.