भरतीचं ग्राऊंड, डांबरी रस्ता आणि दुखरी नडगी

पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात. त्यातले २० एकट्या धावण्याचे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. मुलांना पूर्ण गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत अंतर संपवावं लागतं. म्हणून जाहिरात आली की लाखनी, साकोली, तुमसर, पवनीकडच्या रस्त्यांवर पहाटेपासून पोरं-पोरी पळताना दिसतात. त्यात आपल्या वस्त्यांमधली खूप आहेत. घरी शेती नाही, किंवा असलीच तर धानाची एखाद-दुसरी बांधी. अशा घराला वर्दी म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

यातली बरीच मुलं ग्राऊंडच्या तारखेआधीच लंगडू लागतात. नडगीच्या आतल्या कडेला दुखतं, त्याला सगळे ‘शिन पेन’ म्हणतात. त्यावर ठरलेला सल्ला असतो: सहन कर, धावत राहा, आपोआप जाईल. माझ्या मते हा सल्ला मुलांची वर्षं वाया घालवतो.

हाडाला ताण सोसायची सवय हळूहळू लागते. दम आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, हाड त्यांच्या मागे राहतं. सहा महिने न पळालेला मुलगा जाहिरात निघताच रोज सहा-सात किलोमीटर डांबरावर पळू लागला, तेही झिजलेल्या बुटांत, तर नडगी दुखणारच. त्यात त्याच्या अंगात ताकद कमी आहे असं काही नसतं.

दुखणं कुठलं, ते बोटाने तपासा. नडगीवर वीतभर पट्टा दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर ते साधं शिन पेन. एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, एका पायावर उडी मारता येत नसेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. अशा वेळी धावणं त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेत दिसतही नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून लगेच पळायला लागू नका. चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. तशीच पळवली तर हाड पूर्ण मोडू शकतं.

साध्या शिन पेनला धावणं थांबवून सायकल चालवा. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा लावा. अर्धा तास झपझप चालूनही दुखलं नाही की मगच परत सुरू करा, तेही थोडं पळा, थोडं चाला असं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम रोज करा, पोटऱ्या मजबूत होतात. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर मांडी आणि कमरेचे व्यायाम लागतात. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच टोचत असेल तर थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवा. घोटा मुरगळला तर पहिले दोन दिवस शेक नको, मालिश नको. क्रेप बँडेज बांधून पाय उंच ठेवा.

पेनकिलर खाऊन पळणं मात्र सोडाच. दुखणं झाकलं जातं, चीर वाढते, आणि घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात या गोळ्या किडनीला इजा करू शकतात.

मुलींबद्दल एक गोष्ट अकॅडमीत क्वचितच बोलली जाते. जेवण कमी आणि सराव जास्त झाला की पाळी लांबते किंवा थांबते. पाळी थांबणं म्हणजे हाडं कमजोर होत असल्याची खूण. ते ताईला, आशाताईला, डॉक्टरला सांगायलाच हवं.

आता सिकलसेल. पूर्व विदर्भात, आपल्या समाजातही, हा आजार बराच आहे. त्याचा वाहक, म्हणजे ‘एएस’, रुग्ण नसतो आणि धावूही शकतो. पण एकदम जोर लावला, उन्हात, पाण्याविना पळाला, तर धोका असतो. अमेरिकी सैन्यातल्या नव्या भरतीवरचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाहक असलेल्या कृष्णवर्णीय जवानांचे कवायतीतले अचानक मृत्यू वाहक नसलेल्यांच्या जवळपास २८ पट निघाले. पुढे सर्वांसाठीच पाणी, विश्रांती आणि उन्हाचे नियम लागू झाले. २०१६ च्या मोठ्या अभ्यासात वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळलं नाही, स्नायू विरघळण्याचा धोका मात्र काहीसा जास्तच होता.

म्हणून जाहिरातीची वाट न पाहता सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. वाहक असाल तर वेग हळूहळू वाढवा, दोन फेऱ्यांमध्ये पुरेसा थांबा, ताप किंवा जुलाब असताना पळू नका. पळताना मांड्या, कंबर अचानक लुळी पडली, मुलगा बोलतोय पण पाय उचलत नाहीत, तर त्याला ‘नाटक करतो’ म्हणत उठवू नका. सावलीत आडवं करा, अंग थंड करा, १०८ ला फोन करा आणि तो सिकलसेल वाहक आहे हे ॲम्ब्युलन्सवाल्यांना आधी सांगा.