शक्करची पाच आठवड्यांची कैद

पावसाळ्यात आमच्या अंगणातली एकच कोरडी जागा म्हणजे गाडीखालची. आमच्या शक्करला ती ठाऊक होती आणि ती तिथे बसते हे आम्हालाही ठाऊक होतं. तरीही जुलैतल्या एका सकाळी, शाळेची पहिली घंटा चुकेल या घाईत, आम्ही खाली न वाकताच गाडी मागे घेतली. किंकाळी ऐकून उतरलो, तर शक्कर पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत तुळशीच्या कुंडीमागे जात होती. मागचं अंग जमिनीला टेकलेलं होतं. शेजारी धावत आले, गाडी कोण चालवत होतं ते विचारू लागले. आम्ही सांगितलं, आम्हीच.

कोणी म्हणालं, मांजराची जात चिवट, तिची ती बरी होईल. कोणी म्हणालं, इंजेक्शन देऊन सुटका करा. दोन्ही सल्ले आम्हाला मानवले नाहीत. मुक्या जिवाला इजा आमच्या हातून झाली होती, तेव्हा निस्तरायचीही आम्हीच. पुढच्या पाच आठवड्यांत जे शिकलो, ते इथे लिहीत आहोत. मांजर पाळणारी घरं आपल्यात पुष्कळ आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

उचलण्याआधी थांबा

पहिली चूक आम्ही तिथेच केली. मायेने तिला छातीशी घ्यायला गेलो आणि तिने हाताला कडकडून चावा घेतला. वेदनेत मांजर मालकालाही ओळखत नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू केली. घरचं मांजर आहे म्हणून यात हयगय करू नये.

मग अम्मींनी युक्ती केली. जाड टॉवेल हळूच तिच्यावर टाकला, तिला अंगाखालून सपाट धरून पुठ्ठ्याच्या खोक्यात सरकवलं. पाठ वाकू द्यायची नाही, पाय ओढायचे नाहीत, तोंडात पाणी घालायचं नाही. खोकं थोडं उघडं ठेवून आम्ही थेट तालुक्याचा जनावरांचा दवाखाना गाठला.

डॉक्टरबाईंनी आधी पायाकडे पाहिलंच नाही. त्यांनी ओठ उचलून हिरड्यांचा रंग पाहिला, श्वास मोजला. अपघातात आतून रक्तस्राव होतो, फुप्फुसाला मार बसतो, आणि मांजर दगावतं ते बहुधा अशा कारणांनी. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा मांजर तोंड उघडून श्वास घेऊ लागलं, तर घटकाभरही थांबू नये. पहिला दिवस सलाईन आणि वेदनेचं इंजेक्शन यातच गेला. एक्स-रे दुसऱ्या दिवशी काढला. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, पण खुब्याचा सांधा शाबूत होता. शेपटीला चिमटा घेतला की ती हलवत होती. ऑपरेशनची गरज नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या, मात्र चार ते सहा आठवडे तिला जागेवरून हलू द्यायचं नाही. आणि चोवीस तासांत लघवी झाली नाही, तर लगेच परत आणायचं.

त्या दिवशी असरनंतर शक्करने अंथरूण ओलं केलं. घरात एवढा आनंद निकालाच्या दिवशीही झाला नसेल.

कैद की इलाज?

शेजारच्या भाभींनी कोंबड्यांचा जुना खुराडा दिला. झोपायला, खायला आणि शी-लघवीच्या ट्रेला जागा होती, पण उडी मारण्याइतकी उंची नव्हती. हवा होता तसाच. साध्या साबणाने घासून उन्हात वाळवला. फिनेल वापरलं नाही, कारण ते मांजराला विषारी असतं.

खुराड्याची कडी लावली आणि आमचा चौथीतला धाकटा रडायला लागला. मकतबमध्ये त्याने नुकतीच ती हदीस ऐकली होती, मांजर कोंडून ठेवल्यामुळे अजाबात पडलेल्या बाईची. आपणही तेच करतोय, असं त्याला वाटलं. अम्मींनी त्याला जवळ घेऊन विचारलं, त्या बाईने मांजराला खायला दिलं होतं का? नाही. बाहेर जाऊन स्वतःचं पोट भरू दिलं होतं का? तेही नाही. मग अम्मी म्हणाल्या, बेटा, गुन्हा तो होता. आपण हिला बरं होण्यासाठी ठेवलंय. आता हिचं खाणंपिणं तुझ्याकडे.

त्याने एक वही केली. आम्ही पडलो मास्तर माणसं, हजेरीपट आखून दिला. काय खाल्लं, लघवी झाली का, शी झाली का, औषध किती वाजता. पुढे ही वहीच कामाला आली. कंबरेचं हाड जुळताना आतली वाट अरुंद होऊ शकते आणि बद्धकोष्ठ होतं. तीन दिवस शीचा रकाना कोरा दिसला, तेव्हा वेळीच औषध मिळालं.

ट्रेमध्ये फाडलेले वर्तमानपत्र घालायचो. अम्मी आधी प्रत्येक पान चाळायच्या, अल्लाहचं नाव असलेलं पान बाजूला ठेवायच्या. नमाजचं काय, असं काहींनी विचारलं. मांजर नापाक नाही, तिच्या स्पर्शाने वुजू मोडत नाही. लघवी मात्र नापाक आहे. कपड्याला लागली तर धुवूनच नमाजला उभं राहायचं.

मायेचे धोके

घरातल्या गोळ्यांचा मोह सर्वांत वाईट. ताप-अंगदुखीवर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाचं कोणतंही वेदनाशामक स्वतःच्या मनाने देऊ नये.

अम्मींनी ताकद यावी म्हणून कांदा-लसूण घालून यखनी केली होती. डॉक्टरबाईंनी ती थांबवली. कांदा आणि लसूण दोन्ही मांजराच्या रक्तातल्या पेशी नष्ट करतात. दूधही पुष्कळ मांजरांना पचत नाही. मग नुसती उकडलेली कोंबडी, बिनमिठाची, किंचित कोमट करून देऊ लागलो. वास आला की ती तोंड लावायची. मांजराने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, तरी डॉक्टरांना कळवावं. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं.

आणखी एक गोष्ट. ती घुर्र-घुर्र करायची तेव्हा आम्हाला वाटायचं, आता बरं वाटतंय. पण दुखत असतानाही मांजर घुरघुरतं. खरी खूण आठव्या दिवशी दिसली, तिने स्वतःचं अंग चाटायला घेतलं तेव्हा.

तिसऱ्या आठवड्यात ती उभी राहिली आणि बाहेर यायला ओरडू लागली. सर्वांत कठीण दिवस तेच होते. हाड अजून कच्चं होतं. सोडून द्यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं. धाकटा तेवढा कडीजवळ बसून तिला समजावत राहिला.

पाच आठवड्यांनी दुसरा एक्स-रे काढला. हाड जुळलं होतं, अलहमदुलिल्लाह. आता शक्कर थोडी तिरकी चालते आणि कुंपणाच्या भिंतीवर तिची उडी पोचत नाही. ती तिरकी चाल दिसली की ती सकाळ आठवते, आणि आठवावीच. आता गाडी सुरू करण्याआधी आम्ही बॉनेटवर दोनदा थाप मारतो. धाकटा दप्तर खाली ठेवतो, गुडघ्यावर बसून चारही चाकांखाली बघतो आणि हात वर करतो. मगच किल्ली फिरते. शाळेला दोन मिनिटं उशीर झाला तर होऊ द्यावा.