चित्र वाचता वाचता अक्षर

देवगडातल्या शिक्षकांनो, आईबाबांनो, मुलांना वाचनाची गोडी लावायची असेल तर आधी कुडाळजवळच्या पिंगुळीला घेऊन जा. ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा तिथे आजही जिवंत आहे. ती जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. त्यांचं 'ठाकर आदिवासी कला आंगण' मुलांना जरूर दाखवा.

एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कथेकरी एकेक चित्र समोर धरतो आणि गात गात कथा पुढे नेतो. कोण कुणाकडे बघतंय, हातात काय आहे, हे मुलं आपसूक टिपतात. वाचन इथूनच सुरू होतं, असं माझं ठाम मत आहे.

मध्य अमेरिकेतल्या माया लोकांनी तर चित्रांचीच लिपी केली. 'बालम' म्हणजे जग्वार. तो शब्द जग्वारचं डोकं काढून लिहायचा, नाहीतर बा-ला-मा अशा तीन चिन्हांनी. शेवटचा स्वर वाचायचा नाही. आपण 'कमळ' लिहितो पण शेवटचा 'अ' उच्चारत नाही, अगदी तसंच! ही अक्षरचिन्हांची किल्ली युरी क्नोरोझोव यांनी 1952 मध्ये मांडली.

माया अंकही मुलांना फार आवडतील. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. दोन रेघा नि तीन ठिपके की झाले तेरा. शिंपल्यांना आपल्या किनाऱ्यावर काय तोटा? रविवारी वाळूतच वर्ग भरवा.