वापरलेला ट्रक आणि गिअरच्या कॉम्प्युटरची आठवण



गळीत हंगाम तोंडावर आला की लागणीच्या चौकशांबरोबर वाहनांच्या चौकशाही शेतकी खात्याकडे सुरू होतात. तोडणी-वाहतूक करारासाठी वापरलेला ट्रक घेणारे सभासद आपल्याकडे पुष्कळ आहेत. हल्ली गट ऑफिसात एक नवाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, बिनक्लचचा ट्रक घेतलाय, गिअर हिसका देऊन पडतो. कॉम्प्युटर रिसेट केला म्हंजी सरळ होईल का?" मी शेतीचा माणूस, मेस्त्री नव्हे. पण या प्रश्नात सभासदाचा पैसा आणि घाटात ड्रायव्हरचा जीव, दोन्ही गुंतलेले आहेत. म्हणून जाणत्या मेस्त्रींकडून समजून घेऊन हे लिहीत आहे.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या बहुतेक ऊस-ट्रकांना गिअर हातानेच टाकावा लागतो. अशा गाडीत गिअरची आठवण ठेवणारा कॉम्प्युटरच नसतो. तिथे गिअर अडत असेल तर क्लच, लिंकेज, गिअरबॉक्सचे ऑइल पाहावे. रिसेटच्या नावाखाली कोणी पैसे मागत असेल तर देऊ नयेत.

बिनक्लचच्या ट्रकाला एएमटी म्हणतात. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली तेव्हा मोटारीत ही सोय गावोगाव माहीत झाली. यात गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीचीच असते. फक्त ड्रायव्हरच्या पायाचे आणि हाताचे काम कॉम्प्युटरच्या हुकमाने यंत्र करते. मोठ्या ट्रकात ते बहुधा हवेच्या दाबावर चालते. त्यामुळे हवा गळत असली तरी गिअर चुकतो, हे ध्यानात ठेवावे.

आता आठवणीचे. मागचा ड्रायव्हर कसा चालवायचा ते ट्रक ध्यानात ठेवतो, अशी समजूत आहे. बैल नव्या दावणीला आला तरी जुन्या धन्याची सवय सोडत नाही, तसे लोकांना वाटते. पण कॉम्प्युटर मुख्यतः लक्षात ठेवतो ती क्लच कुठे धरतो ती जागा. प्लेट झिजत गेली की ही जागा सरकते आणि कॉम्प्युटर थोडी थोडी दुरुस्ती करून घेतो. भार किती, चढ किती, पाय किती दाबला, याचा अंदाज तो चालता चालता घेतो. म्हणून रिकामा ट्रक आणि उसाने भरलेला ट्रक वेगवेगळ्या वेगाला गिअर बदलतो. हा बिघाड नव्हे.

रिसेट म्हणजे ही साठवलेली मापे पुसून नव्याने शिकवणे. क्लचप्लेट नवी बसवली असेल आणि जुनीच मापे राहिली असतील, तर हिसके बसतात. तेथे रिसेटचा खरा उपयोग होतो. पण प्लेटच संपली असेल तर? खोडव्याचा वरचा ऊस तोडला म्हणून खालचे बुडखे नवे होत नाहीत, तसेच ते आहे. (पाचट मात्र जाळू नका, हे मी दर अंकात लिहितोच.)

बॅटरीची वायर रात्रभर काढून ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. नव्या गाड्यांत ही मापे बॅटरी काढली तरी पुसली जात नाहीत, घड्याळ तेवढे चुकते. शिवाय अ‍ॅडब्लूच्या गाडीत चावी बंद केल्यावर पंप थोडा वेळ नळी रिकामी करीत असतो. त्याच वेळी वायर काढली तर नुकसान होते. काम कंपनीच्या स्कॅनरनेच करून घ्यावे. ट्रक रिकामा, सपाट जागेवर, इंजिन तापलेले आणि हवेची टाकी भरलेली असावी. मोबाईलला जोडायचे स्वस्त यंत्र मोटारीसाठीचे असते. मोठ्या ट्रकाला २४ व्होल्ट असतात, तेथे ते लावू नये.

हे काम बॉयलर पेटण्याआधी उरकावे आणि नंतर दोन-चार दिवस रिकामा ट्रक चालवून पाहावा. भर हंगामात पहिलीच भरली खेप धारूरच्या घाटात घालणे हा वेडेपणा होईल. ट्रक बंद पडला तर तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि टोळी फडावर बसून राहते. चढावर ट्रक अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नये, प्लेट जळते. हँडब्रेक लावावा. उतारावर मॅन्युअलवर घेऊन खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक वापरावा. न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जाऊ लागल्या. अशा गाडीत अ‍ॅडब्लू संपले किंवा धुराच्या यंत्रणेत बिघाड झाला की कॉम्प्युटर मुद्दाम इंजिनाची ताकद कमी करतो. ड्रायव्हरला वाटते गिअर पडत नाही, आणि मेस्त्री गिअरच्या मागे लागतो. अ‍ॅडब्लू म्हणजे शुद्ध युरियाचे साडेबत्तीस टक्क्यांचे द्रावण. आपल्या गोदामातला युरिया पाण्यात कालवून टाकीत ओतू नका. तो कडुनिंबाचा लेप दिलेला शेतीचा युरिया आहे. त्याने पंप आणि सायलेन्सरची यंत्रणा निकामी होते, खर्च मोठा येतो. ही यंत्रणाच कॉम्प्युटरमधून बंद करून देणारेही भेटतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही. आरटीओने पकडले तर भुर्दंड मालकालाच पडतो.

ट्रक अजून घ्यायचा असेल तर बयाणा देण्याआधी आपल्या माणसाकडून स्कॅनर लावून घ्या आणि दोषांचे कोड कागदावर उतरवून घ्या. विकणारा आदल्या दिवशी कोड पुसून दिवा विझवून ठेवू शकतो. तसे असेल तर स्कॅनरमध्ये तपासण्या ‘अपूर्ण’ दिसतात. मग ट्रक भार घालून पाच-पंचवीस किलोमीटर चालवून, चढावर थांबवून पुन्हा उचलून पाहावा, आणि स्कॅनर दुसऱ्यांदा लावावा. विकणारा याला तयार नसेल, तर बयाणा खिशातच ठेवा.

— ऊस विकास अधिकारी