काट्यावर न मावणारं वजन

जळोचीच्या बाजारात भाजीचं क्रेट काट्यावर चढलं की आकडा लगेच दिसतो. पण थुंकीच्या थेंबात क्षयाच्या जंतूंच्या डीएनएचे पाच-पन्नासच धागे असतील, तर? काटा ढिम्म हलणार नाही!

मग शास्त्रज्ञ काय करतात? मोजायच्या आधी ते धागेच वाढवतात.

ज्वारीचा एक दाणा घ्या. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ... असं तीस वेळा दुप्पट करा. १,०७,३७,४१,८२४ दाणे! एका दाण्याचं वजन ३० मिलिग्रॅम धरलं, तरी शंभर किलोची ३२२ पोती भरतील. आजीची कणगी केव्हाच फुटली असती.

‘पीसीआर’ नावाची पद्धत नेमकं हेच करते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या कॅरी म्युलिस यांना ही कल्पना रात्री गाडी चालवताना सुचली आणि १९९३ मध्ये तिच्यासाठी त्यांना नोबेल मिळालं. (तुम्हाला गाडीत झोप येते, हो ना?) नळी ९५ अंशांपर्यंत तापवली की डीएनएचे दोन पदर सुटे होतात. जरा थंड केली की ‘प्रायमर’ नावाचे छोटे तुकडे ठरल्या जागी चिकटतात. मग ७२ अंशांवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, प्रत्येक पदराला नवा जोडीदार विणून देतं. झाली एक फेरी! एवढ्या उकाड्यात ते विकर शिजत कसं नाही? कारण ते मुळात गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या जिवाणूचं आहे.

धागे वाढले, पण सुरुवातीला होते किती? इथे रिअल-टाइम पीसीआर कामाला येतं. प्रत्येक फेरीत नळी थोडी अधिक चमकते आणि यंत्र बघत बसतं: उजेड कितव्या फेरीत दिसला? धागे जास्त असतील, तर उजेड लवकर. म्हणजे फेरीचा आकडा लहान, तर माल मोठा! करोनाच्या दिवसांत घरोघरी ऐकलेली ‘सीटी व्हॅल्यू’ ती हीच. करोनाचा विषाणू आरएनएचा, म्हणून आधी त्याचा डीएनए करून घ्यावा लागे. अशा चाचणीच्या पहिल्या भारतीय बनावटीच्या किटला मार्च २०२० मध्ये मान्यता मिळाली. ते पुण्याच्या मायलॅबचं होतं आणि ते बनवणाऱ्या चमूच्या प्रमुख होत्या मीनल डाखवे-भोसले.

धागे वाढवायच्या ‘लॅम्प’ या दुसऱ्या पद्धतीला तापव-थंड करची कटकटच नको. साधारण ६५ अंशांवर नळी तासभर ठेवली की काम फत्ते. मात्र प्रायमर चार ते सहा लागतात आणि ‘आहे की नाही’ हे जितकं छान कळतं, तितकं ‘किती’ हे कळत नाही. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट यंत्र मात्र पीसीआरच करतं, पण आहे छोटंसं. बॅटरीवर चालतं, म्हणून क्षयाची तपासणी लहान गावातही होऊ शकते.

माझी सगळ्यात लाडकी पद्धत डिजिटल पीसीआर. यात नमुन्याचे सुमारे वीस हजार इवलेसे थेंब करतात, प्रत्येकात वेगळं पीसीआर होतं आणि शेवटी चमकलेले थेंब मोजतात. थेट गणती! फक्त धागे फारच असले तर सगळेच थेंब चमकतात आणि मोजणीचा बोजवारा उडतो. तेव्हा नमुना आधी पातळ करायचा.

आता वही काढा. एका नळीत उजेड तिसाव्या फेरीत दिसला, दुसरीत पस्तिसाव्या. पहिलीत किती पट धागे होते?