तटस्थांच्या निषेधाचे मोल

९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात उभ्या असलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन व्यापारी जहाजावर एक सशस्त्र तुकडी चढली. हल्लेखोर होते कलकत्ता लाइट हॉर्स या राखीव पलटणीतील पोक्त वयाचे इंग्रज व्यापारी व नोकरदार. कप्तानासह काही जर्मन मारले गेले. ‘एरेनफेल्स’सह तीन जर्मन व एक इटालियन अशी चारही जहाजे त्या रात्री जळून बुडाली, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच ती बुडविली. गोव्यावर तेव्हा पोर्तुगालची सत्ता होती आणि पोर्तुगाल त्या युद्धात तटस्थ होता.

‘एरेनफेल्स’वरील गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची वार्ता मिळते, असा ब्रिटिशांचा आरोप होता. तटस्थ बंदराचा असा वापर १९०७ च्या हेग करारान्वये निषिद्धच आहे. पण तटस्थाच्या सागरी हद्दीत हल्ला करणेही त्याच कराराने निषिद्ध ठरविले आहे. एकाने नियम मोडला म्हणून दुसऱ्यास तो मोडण्याचा परवाना मिळत नाही. जेम्स लीझर यांच्या १९७८ मधील पुस्तकाने ही कहाणी जगापुढे येईतो पस्तीस वर्षे लोटली. ज्या कृत्याचा कर्ताच पडद्याआड राहतो, त्याची भरपाई मागावयाची कोणाकडे?

निषेधखलित्याचे मोल येथेच कळते. १२ डिसेंबर १९३७ रोजी जपानी विमानांनी यांगत्से नदीत ‘पॅनाय’ ही अमेरिकन युद्धनौका बुडविली. चीन-जपान संघर्षात अमेरिका तटस्थ होती. तिने कडक निषेध नोंदविला. जपानने क्षमा मागितली आणि एप्रिल १९३८ मध्ये बावीस लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. अर्थात त्यामागे अमेरिकेचे सामर्थ्य होते, आणि चारच वर्षांत पर्ल हार्बरही घडले. निषेधाने युद्ध टळत नाही. परंतु खातेवहीत नोंदच नसलेले येणे वसूल होत नाही, हे कोणताही कारकून सांगेल. निषेध ही ती पहिली नोंद होय.

आज हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा झाला आहे. २३ डिसेंबर २०२३ रोजी अरबी समुद्रात ‘केम प्लूटो’ या रसायनवाहू जहाजावर ड्रोन आदळले. ते इराणमधून सुटल्याचे अमेरिकेने सांगितले, इराणने ते नाकारले. ध्वज लायबेरियाचा, मालकी जपानी, आणि खलाशी बहुतांश भारतीय. निषेध कोणी करावयाचा?

माझ्या मते, ध्वज कोणाचाही असो, जीव आपल्या नागरिकाचा असेल तर भारताने स्वतःच्या नावाने, लेखी आणि दर वेळी निषेध नोंदविला पाहिजे. समुद्रापासून शेकडो मैल दूर नागपुरात बसून आपणांस हा विषय परका वाटेल. पण आपल्या पंपावरील पेट्रोल त्याच वाटेने येते, आणि युद्धामुळे वाढलेला विम्याचा हप्ता अखेर आपल्याच खिशातून जातो. खलाशी मात्र त्याहून मोठी किंमत मोजतो. त्याचे येणे निदान कागदावर तरी असावे.